असो, विषयांतर झालं

ताई, नमस्कार.

मी फार्म.डी. आहे. औषधशास्त्राचा सहा वर्षांचा कोर्स, शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप नागपुरातल्याच एका मोठ्या रुग्णालयात केली. दीड वर्षापासून घरून फार्माकोव्हिजिलन्सचं काम करते, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या केसेस प्रोसेस करायच्या. मला औषध कंपनीत एमएसएल व्हायचं आहे. तीन इंटरव्ह्यू झाले. पहिल्या दोन्ही वेळी शेवटच्या राउंडपर्यंत गेले आणि एकच ऐकलं : ‘नॉलेज चांगलं आहे, पॅशन दिसली नाही.’ तिसऱ्या वेळी ठरवून हसत, हातवारे करत बोलले. ‘आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट सायन्स’ तीनदा म्हटलं. तिथे पहिल्याच राउंडला बाहेर. आई म्हणते, तू पहिल्यापासून अशीच. दहावीचा निकाल लागला तेव्हाही ‘हो, पाहिला’ एवढंच म्हणाली होतीस. आता काय ॲक्टिंगचा क्लास लावू?

इंटर्नशिपमध्ये मी अशी नव्हते. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा, एक मुलगा होता, गडचिरोलीकडचा, नऊ वर्षांचा. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू होऊन पाच महिने झाले तरी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, हललाच नव्हता. निवासी डॉक्टर त्याच्या आईवर चिडले, तुम्ही गोळ्या देतच नाही म्हणून. तिने पदराची गाठ सोडून रिकाम्या स्ट्रिपा टेबलावर ठेवल्या. मी मोजल्या. हिशेब बरोबर होता. मग मला चैन पडेना. सोबत अल्फा थॅलेसेमिया, रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार, असेल तर? किंवा अंगात लोहच नसेल तर एमसीव्ही वाढणार कुठून? दोन रात्री वाचत बसले. तिसऱ्या दिवशी धीर करून युनिटच्या सरांना विचारलं. त्यांनी त्याचं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, पाठवायला लावलं. असो, विषयांतर झालं, माफ करा. तर प्रश्न असा, की इंटरव्ह्यूत सायन्सची आवड दाखवायची कशी? मला तर जमूनच नाही राहिलं.

— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ एकेरीवर येते.

तुझं पत्र वाचताना काय झालं ते आधी सांगते. पहिला परिच्छेद वाचून मान डोलावली. अशी पत्रं मला नवीन नाहीत. मग तो मुलगा आला, त्याच्या आईने पदराची गाठ सोडली आणि मी खुर्चीत पुढे सरकले. तू स्ट्रिपा मोजल्यास, थॅलेसेमियापर्यंत तुझी तू पोचलीस, फेरिटिन पाठवलं गेलं, आणि तिथे तू काय लिहिलंस? ‘असो, विषयांतर झालं, माफ करा.’ अगं बाई, मी तेवढ्याचसाठी वाचत होते ना!

पैज लावून सांगते, इंटरव्ह्यूंतही तू हेच केलं असशील. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्याबरोबर कॉलेज, टक्के, इंटर्नशिपमधले विभाग, महिन्याला किती केसेस, सगळं ओळीने म्हणून टाकलंस आणि त्या मुलाला घरी ठेवून गेलीस. तो तुला ‘प्रोफेशनल’ वाटला नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. एमएसएल म्हणजे मेडिकल सायन्स लायझन. औषध कंपनीचा माणूस, पण विक्रीचा नाही. अमेरिकेत अपजॉन कंपनीने १९६७ मध्ये अशी माणसं पहिल्यांदा नेमली. एमआरला, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला, टार्गेट असतं. एमएसएल मेडिकल अफेअर्सचा, त्याला विक्रीचं टार्गेट नसतं. डॉक्टरांशी पुराव्यावर बोलायचं, ट्रायलमध्ये काय निघालं आणि काय नाही निघालं ते सांगायचं, आणि त्यांना प्रत्यक्ष पेशंटमध्ये कुठे अडतं ते कंपनीला येऊन सांगायचं, हे त्याचं काम. दोघांच्या खांद्याला बॅग सारखीच, त्यामुळे रिसेप्शनवरची मुलगी दोघांनाही एकाच बाकावर बसवते.

आता त्या बाकावर बसून बघ. रामदासपेठ, रात्रीचे साडेआठ. आत कार्डिओलॉजिस्टचा शेवटचा पेशंट चालू आहे. वीस वर्षं तो हेच करतो आहे, त्याच्या विषयातलं तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, त्याला भूक लागलेली आहे आणि तुझ्याजवळ दहा मिनिटं आहेत. तुझ्या हसण्याचं तो काय करणार? पण तू म्हणालीस, ‘सर, ट्रायलमध्ये असं दिसलं, पण आपल्याकडच्या पेशंटमध्ये हे जुळतं का, मला शंका आहे,’ तर तो चष्मा काढून ठेवतो. पॅनलवरचे लोक तुझ्याकडे बघून एवढंच ताडत असतात : हिला तो चष्मा काढायला लावता येईल का? ‘पॅशन’ हा शब्द नंतर फीडबॅकच्या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून येतो. तू तो शब्द शब्दशः घेतलास आणि हातवारे करायला गेलीस. पॅनलवर मी बरीच वर्षं बसले. ‘आय ॲम पॅशनेट’ हे वाक्य इतकं ऐकलंय, की आता ते ‘गुड मॉर्निंग’सारखं कानावरून जातं.

तेव्हा तो मुलगा इंटरव्ह्यूत घेऊन जा. पण कसा नेतेस, याला महत्त्व आहे.

एक तर त्याचं गाव, वॉर्ड, रुग्णालय, काही सांगायचं नाही. ‘सिकलसेलचा एक लहान मुलगा’, बस. तुझ्या पत्रातलेही ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पेशंटची माहिती ही मुलगी कशी हाताळते, हेही समोरचे बघत असतात.

दुसरं, आणि हे जास्त जपून : त्या निवासी डॉक्टरला खलनायक करू नकोस. तुझ्या पत्रात तो थोडासा झालाय. उद्या तुझा सगळा दिवस डॉक्टरांसोबत जाणार आणि तू तर डॉक्टर चुकला, मी हुशार, अशी गोष्ट सांगते आहेस. पॅनलवरचा एमडी तिथेच सावध होईल. शिवाय ते खरंही नाही. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणाऱ्याचा एमसीव्ही बहुधा वाढतो, म्हणून वाढला नाही की औषध चुकतंय अशी शंका घेणं हे शिकवलेलंच असतं. त्याचा तर्क पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. तुला दिसलं ते असं, की पुस्तकातला पेशंट आणि टेबलासमोरचा पेशंट वेगळा असू शकतो. लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया असेल तर लाल पेशी मुळातच लहान, मग एमसीव्ही औषध घेतल्याची साक्ष कशी देणार? गोष्ट अशी सांगितलीस तर डॉक्टरचा मान राहतो आणि तुझा प्रश्नही राहतो.

आणि लांबवू नकोस. दोन मिनिटं. स्ट्रिपा टेबलावर आल्या इथून सुरू कर, फेरिटिनपाशी थांब. मग एक पाऊल पुढे टाक, ट्रायलकडे. हायड्रॉक्सियुरियाची ती मोठी ट्रायल १९९५ ची, २९९ प्रौढ पेशंट, अमेरिका आणि कॅनडातले, वर्षात किमान तीन वेदनेचे झटके येऊन गेलेले. झटक्यांचं वार्षिक प्रमाण औषध न घेणाऱ्यांत साडेचार, घेणाऱ्यांत अडीच. ट्रायल ठरल्याआधीच थांबवली गेली, इतका फरक. आता विचार : आपल्या विदर्भातल्या पेशंटमध्ये बहुतेक करून अरब-इंडियन हॅप्लोटाइप, म्हणजे या आजाराचा एक जनुकीय प्रकार, त्यांचं गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, मुळातच जास्त असतं. आणि हायड्रॉक्सियुरिया काम करतं ते मुख्यतः एचबीएफ वाढवूनच. मग इथे फायदा तेवढाच दिसेल का? डोस कमी पुरेल का? हे प्रश्न तू विचारलेस की तुला ‘मला विज्ञान आवडतं’ असं निराळं म्हणावं लागत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलंय, म्हणजे हा आजार आता फक्त आपल्या पूर्व विदर्भाच्या ओपीडीतला राहिलेला नाही. नागपुरात शिकल्याचा हा फायदा मुंबईच्या पोरांना नाही. तो सोडू नकोस.

पण कंपनीचं औषध सिकलसेलचं नसलं तर? बहुधा नसेलच. मधुमेह, हृदय, कॅन्सर, लसी, यांतलं काहीतरी असेल. तिथे लोक काय करतात, तर कंपनीची वेबसाइट पाठ करून जातात. मुलाखत घेणाऱ्याला त्याचीच वेबसाइट ऐकवतात! तू जे त्या मुलाच्या बाबतीत केलंस तेच त्यांच्या औषधाच्या बाबतीत कर. जिथे जुळत नाही तिथे बोट ठेव आणि ते का जुळत नाही याच्या मागे लाग.

समज, हार्ट फेल्युअरसाठी एसजीएलटी-२ गटाचं औषध आहे. या गटाचा पूर्वज फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला. लघवीतून साखर घालवणारा पदार्थ, म्हणून यातून पुढे मधुमेहाची औषधं निघाली. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, सांगितलं, की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. म्हणून याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनची ट्रायल झाली, ७०२० पेशंटची, २०१५ मध्ये छापून आली. अपाय नाही एवढं दाखवायला निघालेले लोक, आणि हाती काय लागलं? हार्ट फेल्युअरने भरती होण्याचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून २.७ वर. आणि आलेखातल्या दोन रेषा सुरुवातीलाच फाकलेल्या. आता साखर कमी केल्याचा फायदा हृदयापर्यंत पोचायला वर्षं जातात. इतक्या लवकर फरक पडतो तर काम साखरेचं नाही, दुसरं काहीतरी चाललंय. हे वाचून ज्याला ‘अरे!’ वाटत नाही त्याने एमएसएल होऊ नये, खुशाल दुसरं काही करावं.

मग २०१९ ची, त्याच गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिनची ट्रायल. ४७४४ पेशंट, सगळे हार्ट फेल्युअरचे, आणि निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. म्हणजे ती शंका यांनी थेट तपासूनच बघितली. हार्ट फेल्युअर बळावलेले किंवा हृदयविकाराने गेलेले २१.२ टक्क्यांचे १६.३ टक्के झाले. ‘धोका २६ टक्क्यांनी कमी’ हे बॅगमधल्या कागदावर छापलेलं असतं, ते कोणीही वाचून दाखवेल. तू वजाबाकी कर : ४.९. त्याने शंभराला भाग दे, म्हणजे साधारण दीड वर्षात २१ जणांना औषध दिलं तर एकाचं हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदयविकाराने मरणं टळतं. आणि लगेच हेही सांग, की त्या ट्रायलमध्ये बायका चौथा हिस्साही नव्हत्या. हे तू खालच्या आवाजात, मान न हलवता सांगितलंस तरी चालेल.

इथे माझी फजिती सांगते. माझा पहिला इंटरव्ह्यू मुंबईला होता. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर जागी गेले, वीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनला ३८ स्लाइड. शेवटी त्यांनी विचारलं, ‘या पेपरमध्ये तुम्हाला काय आवडलं नाही?’ मी म्हटलं, ‘सर, पेपर फारच चांगला आहे.’ ते म्हणाले, ‘ते दिसतंच आहे. मी विचारलं, काय आवडलं नाही?’ मी पुन्हा स्लाइड नंबर चारवर गेले. का गेले, देव जाणे. परतीच्या गाडीत मला कळलं, की मी तो पेपर पाठ केला होता, वाचला नव्हता.

हा प्रश्न तुला येणार, नक्की धर. आणि त्याचं उत्तर ‘सॅम्पल साइझ लहान आहे’ असं नसावं, ते सगळेच म्हणतात. सिकलसेलमधलंच एक उदाहरण बघ. व्हॉक्सेलोटर हे औषध. २७४ जणांच्या ट्रायलमध्ये मोठ्या डोसवर ५१ टक्के लोकांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं, प्लासीबोवर, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीवर, ७ टक्के. दणदणीत आकडा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एफडीएने तेवढ्यावर त्वरित मंजुरी दिली. पण वेदनेच्या झटक्यांत स्पष्ट फरक दाखवता आला नव्हता. आकडा सुधारला, पोराच्या दुखण्याचं काय? पुढे आलेल्या माहितीत झटके आणि मृत्यू यांचं पारडं उलटं झुकताना दिसलं आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने स्वतःच औषध जगभरातून मागे घेतलं. ज्या उमेदवाराने २०१९ मध्येच तो एक प्रश्न विचारला असता, त्याला मी डोळे झाकून घेतलं असतं.

आता उलट्या बाजूची भीती. तुझ्यासारख्या मुलींना एकदा सूर लागला की मग त्या थांबत नाहीत. एमएसएलचं अर्धं काम थांबण्याचं आहे. रोल-प्लेमध्ये पॅनलवरचा एकजण डॉक्टर होतो आणि अगदी आपल्या इकडच्या थाटात म्हणतो, ‘मॅडम, तुमचं औषध मी त्या दुसऱ्या आजारातही वापरून राहिलो, मस्त चालते. काही डेटा असंन तर द्या ना.’ तो आजार लेबलवर नसतो. हा सापळा आहे. तू रात्री वाचलेला पेपर उत्साहाने काढलास की संपलं. तिथे म्हणायचं, ‘सर, हा वापर मंजूर नाही, मी स्वतःहून त्यावर बोलू शकत नाही, पण तुम्ही विचारलंय तर तुमची विचारणा नोंदवून घेते, मेडिकल इन्फर्मेशनकडून दोन्ही बाजू मांडणारं लेखी उत्तर येईल.’ आणि त्याच्या पुढचं वाक्य, जे दहातले नऊ विसरतात : ‘सर, त्या पेशंटपैकी कोणाला काही त्रास झाला का?’ झाला असेल तर तो रिपोर्ट, बहुतेक कंपन्यांत २४ तासांच्या आत, फार्माकोव्हिजिलन्सकडे गेला पाहिजे. ते तर तुझं रोजचं काम! इथे तू बाकीच्यांच्या चार पावलं पुढे आहेस आणि पत्रात त्याची एक ओळ लिहून मोकळी झालीस.

शब्दही सांभाळ. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने औषध कंपन्यांसाठी जी नवी आचारसंहिता काढली, यूसीपीएमपी, तिच्यात औषधाला मोघमपणे ‘सेफ’ म्हणायला मनाई आहे, दुष्परिणाम नाहीतच असंही म्हणायचं नाही. म्हणजे ज्या भडक शब्दांनी लोक उत्साह दाखवायला जातात ते या धंद्यात बादच आहेत.

आवाज आणि इंग्रजीबद्दल फार बोलत नाही. गप्प स्वभावाचे एमएसएल मी उत्तम पाहिलेत; डॉक्टरला बोलू देतात ना. एक मात्र कर. या पत्रातला त्या मुलाचा भाग फोनवर रेकॉर्ड कर, आधी आपल्या बोलीत, मैत्रिणीला सांगतेस तसा, मग इंग्रजीत. दुसऱ्या वेळी आवाज कुठे सपाट होतो ते तुलाच ऐकू येईल. माझ्या अंदाजाने ‘द पेशंट वॉज नॉन-रिस्पॉन्सिव्ह टू थेरपी’ असलं काहीतरी वाक्य तिथे सापडेल. ते काढ आणि ‘शी पुट द एम्प्टी स्ट्रिप्स ऑन द टेबल’ म्हण. साधं इंग्रजी. पुरतं.

शेवटी ते विचारतात, तुमचे काही प्रश्न? तेव्हा गाडी आणि टेरिटरी नंतर. नागपूरला पोस्टिंग म्हणजे पूर्ण विदर्भ आणि वर रायपूर, असं असू शकतं, ते ऑफर आल्यावर बोल. त्या खोलीत विचारायचं ते हे : ‘तुमच्या औषधाबद्दल फील्डमधून असा कोणता प्रश्न वारंवार येतो, ज्याचं उत्तर तुमच्याकडे अजून नाही?’ आणि मग खरंच ऐक. त्यावर उलट प्रश्न सुचला तर विचार, नाही सुचला तर नको.

चौथ्या इंटरव्ह्यूचं काय झालं ते सवडीने कळव, त्याची घाई नाही. पण त्या मुलाचं फेरिटिन किती आलं, ते आधी लिही.